मी नोकरीला लावलेली मुलं

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका काकांनी मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "तुम्ही कॉलेजात असता म्हणे. काय शिकवता?" मी म्हणाले, "शिकवत काही नाही. मुलांना नोकऱ्या लावते." काका दोन पायऱ्या उतरले, मग पुन्हा वर चढून आले आणि म्हणाले, "म्हणजे पगार कॉलेजचा आणि काम एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं." सदाशिव पेठेत याला आपुलकीची चौकशी म्हणतात. मी हो म्हणून टाकलं, कारण बावीस वर्षं मी जे केलं त्याचं इतकं नेमकं वर्णन आमच्या डायरेक्टरांनाही कधी जमलं नव्हतं.

माझं पद ‘प्लेसमेंट ऑफिसर’. वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी एका खाजगी मॅनेजमेंट कॉलेजात. नाव सांगत नाही. तशी कॉलेजं त्या रस्त्याला ओळीने आहेत, त्यामुळे तुम्ही अंदाज बांधलात तरी चुकणारच. बाहेरच्या माणसाला हे काम थोडक्यात असं सांगता येईल: मुलं दोन वर्षं एमबीए करतात. दुसऱ्या वर्षाची दिवाळी झाली की कंपन्यांची माणसं कॉलेजात येऊन मुलाखती घेतात, आणि पसंत पडलेल्या मुलाला एक पत्र देतात की परीक्षा झाली की जुलैपासून कामावर या. याला म्हणायचं ऑफर लेटर. कंपन्यांना बोलावणं, आलेल्या साहेबांची बडदास्त ठेवणं, मुलांना टाय बांधायला शिकवणं आणि पत्र हातात पडेपर्यंत त्यांच्या आयांचे फोन घेणं, हे सगळं माझ्याकडे. यातला आयांच्या फोनचा भाग सर्वांत मोठा.

माणसं एकेक नग भेटली. एक साहेब दरवर्षी यायचे, पोटभर जेवायचे, आमच्या मेसच्या आमटीची तारीफ करायचे आणि एकालाही न घेता जायचे. चौथ्या वर्षी मी त्यांना म्हणाले, "साहेब, डबा पाठवू का ऑफिसला? तुमची खेप वाचेल." त्यानंतर ते आले नाहीत. दुसरे एक साहेब प्रत्येक मुलाला विचारायचे, "पुण्यात न्हावी किती असतील?" उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं, मुलगा विचार कसा करतो ते बघायचं असतं म्हणे. एका मुलाने आपल्या बायोडेटात छंद म्हणून ‘पोहणे’ लिहिलं आणि समोर बसला नेमका राज्य पातळीवर पोहलेला माणूस. मुलाने जन्मात टाकीबाहेरचं पाणी पाहिलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, आणि खरं बोलला म्हणून त्याला घेतला. ही गोष्ट मी पुढे प्रत्येक बॅचला सांगायची.

मुलाखतीचा क्रम माझ्या हातात असायचा, आणि त्यातली माझी एक युक्ती मी कुणाला सांगितली नव्हती. बुजऱ्या मुलांना मी अकराच्या चहानंतर आत पाठवायची. सकाळी पहिल्यांदा आलेला साहेब कडक असतो, जेवणानंतरचा पेंगतो, पण चहा आणि बाकरवडी पोटात गेलेला साहेब अर्धा तास माणसासारखा वागतो. त्या अर्ध्या तासात मी कितीतरी मुलं पार केली आहेत. याचा मला अजूनही अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण हे सगळं बऱ्या दिवसांतलं झालं. मंदी पेपरात छापून यायच्या आधी मला फोनवर कळायची. एरवी दुसऱ्या रिंगला "बोला मॅडम" म्हणणारी एचआरची मुलगी आधी "मीटिंगमध्ये आहे" म्हणायला लागते. मग "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणते. मग फोनच उचलत नाही. जिथे पाच मुलं जायची तिथे एक जायचं, आणि तेही सहा महिने बिनपगारी शिकाऊ म्हणून. माझ्या केबिनबाहेर एक बाक होता. त्या दिवसांत तो कधी रिकामा नसायचा. मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची, पण मी हातात कागद घेऊन बाहेर आले की सगळी एकदम उभी राहायची. कागद पंख्याच्या दुरुस्तीचा असायचा. शेवटी शेवटी तर मी बाहेर जायला मागचा जिना वापरायला लागले.

मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका वर्षातली आहे, फार जुनी नाही. तीन-चार वर्षं झाली असतील.

त्याआधी आमचा एक नियम सांगितला पाहिजे. एका मुलाला एक पत्र. पत्र मिळालं की त्याने दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसायचं नाही. नियम बरा आहे. नाहीतर चार हुशार मुलं सगळी पत्रं गोळा करतील आणि बाकीचे बाकावर बसून राहतील. माझ्या कॉम्प्युटरवर एक तक्ता असायचा. पत्र मिळालेल्या मुलाचं नाव मी हिरवं करायची, न मिळालेल्याचं लाल. वर्षअखेर तक्त्यात हिरवं किती, यावर पुढच्या वर्षीची माहितीपुस्तिका छापायची, आणि त्या पुस्तिकेवर पुढची मुलं यायची. एकदा हिरवं केलेलं नाव मी पुन्हा लाल केलं, असं बावीस वर्षांत कधी झालं नाही.

तुषार पासलकर हा त्या वर्षीचा पहिला हिरवा. उंच, सावळा, हसरा मुलगा. वडील मार्केट यार्डात भुसार बाजारात तोलणार होते, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलून वजन लिहून देणारा परवानाधारक माणूस. मूळ गाव वेल्ह्याकडचं, पण तुषारचा जन्म गुलटेकडीचा. गोदामांसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने त्याला डिसेंबरात पत्र दिलं. बाजार इतका थंड असताना आलेलं ते पत्र, त्यामुळे डायरेक्टर हरखून गेले. जानेवारीत पालकांचा मेळावा घेतला. स्टेजवर मी माईक धरून नावं पुकारली, "तुषार पासलकर, नोकरी पक्की." वडिलांना नारळ आणि शाल दिली. पांढरी टोपी सावरत ते स्टेजवर आले आणि शाल घेऊन माझ्याच पाया पडायला वाकले. मी कशीबशी मागे सरकले.

फेब्रुवारीत चाकणची एक मालवाहतूक कंपनी आली. त्यांना एकच जागा भरायची होती, आणि मुलगा बाजारपेठ माहीत असलेला हवा होता. तुषार सकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, मला बसू द्या ना या मुलाखतीला."

"तुझ्याकडे पत्र आहे."

"पत्र आहे, पण ते लोक मेलला उत्तर देत नाहीत. मला जरा धाकधूक वाटतेय."

"जुलैला अजून पाच महिने आहेत. आत्तापासून कसलं उत्तर देतील? बाहेर बाकावर कोण कोण बसलंय बघ. त्यातल्या एकाची जागा खाणार का तू?"

तो निमूटपणे गेला. मी चहानंतरच्या वेळेत दुसऱ्या मुलाला पाठवलं, आणि त्याला ती नोकरी मिळाली. मी न्यायाने वागले असंच मला वाटलं. त्या दिवशी मी घरी जाताना आंब्याची बर्फी घेऊन गेले होते, इतकी मी खूश होते.

एक जुलैला सकाळी सव्वानऊला तुषार माझ्या केबिनच्या दारात दिसला. इस्त्रीचा शर्ट, टाय, कपाळावर कुंकू आणि त्यावर अक्षता. मी म्हणाले, "अरे, आज पहिला दिवस ना? इकडे कुठे?" त्याने मोबाईल पुढे केला. कंपनीचा मेल होता. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे, नवी तारीख कळवू, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"कधी आला हा?"

"आठला. आई ओवाळत होती तेव्हा." तो खुर्चीत बसला. "बाबांनी आज सुट्टी घेतलीय, मॅडम. मला स्टॉपपर्यंत सोडायला आले होते. गाळ्यावरचे दोघं हमालमामा पण आले होते. मी काय सांगणार होतो? बसमध्ये बसलो आणि इकडे आलो."

मी त्याला पाणी दिलं. म्हणाले, "संध्याकाळी घरी गेलास की सांगून टाक." तो म्हणाला, "तारीख आली की सांगायची गरजच पडणार नाही." ते मला त्या दिवशी पटलं. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

माझ्या केबिनमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून मागे एक खोली केली होती. तिथे जुन्या फायली आणि एक कॉम्प्युटर. तुषार तिथे बसायला लागला. रोज साडेनऊला यायचा, नोकऱ्यांचे अर्ज भरायचा, मधूनच माझ्यासाठी कंपन्यांचे नंबर शोधून द्यायचा आणि साडेसहाला निघायचा. दुपारी दोन तास पेठेतल्या एका क्लासात बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवायचा. त्याचे मिळतील ते पैसे ‘ट्रेनिंगमध्ये अर्धाच पगार असतो’ असं सांगून घरी द्यायचा. तारीख ऑगस्टची झाली, मग ऑक्टोबरची. प्रत्येक मेल आला की तो पार्टिशनच्या कडेने डोकं काढून सांगायचा, आणि मी "बरं" म्हणायची. तक्त्यात त्याचं नाव हिरवंच होतं. पत्र रद्द कुठे झालं होतं?

माझी झोप मात्र उडाली होती. रस्त्यात पांढरी टोपी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची. मार्केट यार्डात घाऊक भावात डाळ घ्यायला मी वर्षातून एकदा जायची, त्या वर्षी गेलेच नाही. मी तुषारला दर चार दिवसांनी म्हणायची, "घरी सांग बाबा आता." तो दर वेळी म्हणायचा, "सांगतो मॅडम, तुम्ही मात्र काही बोलू नका." मी शब्द दिला होता.

सप्टेंबरात प्रवेशांचे शेवटचे दिवस होते. जागा भरत नव्हत्या, डायरेक्टर सकाळपासून फेऱ्या मारत होते. इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पालक चौकशीला आले की आधी त्यांना इमारत दाखवायची, मग लायब्ररी, मग कॅन्टीन, आणि शेवटी प्लेसमेंट ऑफिसरच्या केबिनमध्ये आणून बसवायचं. पैसे भरायच्या आधीचा तो शेवटचा थांबा. पालक विचारणार, "नोकरी लागेल ना?" आणि मी म्हणणार, "मुलांनी मेहनत केली तर आमच्याकडून काही कमी पडणार नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. त्यात मी कशाचीही हमी देत नव्हते, हे एकाही आईबापाच्या लक्षात आलं नाही. ते उठून सरळ फी भरायच्या खिडकीवर जायचे.

त्या दिवशी ॲडमिशनच्या मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, हे तुमच्या ओळखीचेच आहेत. दोन मिनिटं बोलून घ्या." मागे पांढरी टोपी.

"नमस्कार मॅडम. ओळखलंत का? तुषारचा बाप मी. ही त्याची धाकटी बहीण, पूर्वा."

पार्टिशनच्या मागे कीबोर्डचा आवाज थांबला.

मी म्हणाले, "बसा ना." आवाज जरा मोठाच लागला. पासलकर बसले. एका हातात गुळाची ढेप बांधलेली पिशवी होती, ती त्यांनी अलगद माझ्या टेबलावर ठेवली. मांडीवर आमची नवी माहितीपुस्तिका. तिच्या दुसऱ्याच पानावर तुषारचा टाय घातलेला फोटो होता.

"तुम्ही पोराचं लई चांगलं केलंत मॅडम. साडेआठला घर सोडतंय ते साडेसातला परत. रविवारी बी मोबाईलवर काम चालूच. म्हटलं, एवढं काम हाय म्हंजे कंपनी जोरात असणार. आता हिला बी तुमच्याच हवाली करायचं ठरवलंय. बीकॉम झाली, सीईटी दिली. पहिला हप्ता संगतीच आणलाय." त्यांनी खिशावर हात ठेवला. "तुषारला नाही सांगितलं. म्हटलं, सगळं झाल्यावर सांगू, खूश होईल."

पूर्वा माझ्याकडे बघत होती. दोन वेण्या, हातात फाईल, डोळे भावासारखेच. मी काहीतरी बोलायचं म्हणून तिला विचारलं की एमबीए कशासाठी करायचंय. ती इंग्रजीत बोलायला लागली. यार्डात माल येतो कसा, तो पडून का राहतो, बाबांच्या काट्यापाशी शेतकरी चार-चार तास का थांबतात, यावर तिला काहीतरी करायचं होतं. दोन ठिकाणी अडखळली, पण थांबली नाही. बावीस वर्षांत मी इतकं सरळ उत्तर फार थोड्या मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. बाकी सगळे ‘ग्रोथ’ आणि ‘एक्स्पोजर’ म्हणतात.

मला खरं सांगता आलं असतं. पण पार्टिशनपलीकडे तुषार ऐकत बसला होता आणि मी त्याला शब्द दिला होता. एवढंच कारण होतं असं म्हटलं तर मात्र ते पुन्हा खोटं होईल. पासलकरांच्या मांडीवरच्या पुस्तिकेतला फोटो मीच निवडून दिला होता. खरं सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग हे छापलं कुणी? मला त्या प्रश्नाची भीती वाटली. आणि गप्प राहून नेहमीचं वाक्य म्हटलं असतं, तर हा माणूस उठून खिडकीवर गेला असता आणि दोन वर्षांनी ही मुलगी बाहेरच्या बाकावर बसली असती. तेही मला करवेना.

म्हणून मी तिसरंच केलं. मी म्हणाले, "पासलकर, स्पष्ट बोलते, राग मानू नका. हिचं इंग्रजी कच्चं आहे. इथे गटचर्चा असते, मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांसमोर बोलावं लागतं. ही टिकणार नाही. तुमचे पैसे वाया जातील."

पासलकरांचा हात खिशावरून खाली आला. "पण तुषारचं बी इंग्रजी असंच होतं की."

"तुषारचं वेगळं. तो बोलका आहे. सगळ्यांनाच जमतं असं नाही. तिला दुसरं काहीतरी करू द्या."

पूर्वाने फाईलचा बंद लावला. तो नीट लागला नाही म्हणून पुन्हा उघडून लावला. पासलकरांनी उठून हात जोडले. "बरं झालं मॅडम, खरं सांगितलंत. दुसरा कुणी असता तर पैसे भरून घेतले असते आणि मोकळा झाला असता. तुमच्यासारखी माणसं ऱ्हायली न्हाईत आता." गूळ त्यांनी परत नेला नाही. मी पिशवी पुढे केली तर म्हणाले, "आसू द्या, पोराच्या नोकरीचा हाय तो."

नंतर मला दहा वाक्यं सुचली. ‘या वर्षी बाजार मंदा आहे, एक वर्ष थांबा’ हे साधं वाक्यसुद्धा सुचलं. ते गेले तेव्हा एकही सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मुलांना ‘विचार करून बोला, घाई करू नका’ असं मीच सांगत आले होते.

तुषार बाहेर आला. म्हणाला, "मॅडम, तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं." मी म्हणाले, "ठाऊक आहे." मग तो खाली बघत म्हणाला, "बाबांना तीन महिने मी फसवतोय, आणि आज तुम्हाला पण तेच करायला लावलं." मी त्याला म्हणाले की मला कुणी काही करायला लावलं नाही. डायरेक्टरांनी संध्याकाळी बोलावून विचारलं, "हातात पैसे घेऊन आलेला माणूस तुमच्या केबिनमधून परत कसा जातो?" मी म्हणाले, "चालत." नोकरीच्या शेवटच्या वर्षात माणूस जरा उर्मट होतो.

नोव्हेंबरात कंपनीने पत्र रद्द केलं. तुषारने त्याच संध्याकाळी घरी सगळं सांगून टाकलं. वडील काय म्हणाले, असं मी विचारलं. "काहीच नाही म्हणाले. दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल माझ्यासंगं यार्डात." महिनाभर तो तिथेच हिशेब लिहायला बसला, आणि एका व्यापाऱ्याच्या ओळखीने त्याला शीतगृहाच्या कंपनीत नोकरी लागली. आता तो तिथे बऱ्यापैकी वर चढलाय. माझ्या बावीस वर्षांच्या तक्त्यात त्याचं नाव अजून हिरवं आहे, पण त्या नोकरीत माझा काडीचाही वाटा नाही. मे महिन्यात मी निवृत्त झाले. पासलकरांचा फोन कधी आला नाही, आणि मीही केला नाही.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला मी आमच्याजवळच्या एका सेवा केंद्रात गेले. यंत्रावर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला की आपण जिवंत आहोत असा कागद निघतो. रांगेत सगळे माझ्याच वयाचे, म्हणजे कुणाचाच ठसा लवकर जुळत नव्हता. काउंटरवरची मुलगी मान वाकडी करून खांद्यात फोन धरून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. सर्व्हर का बंद पडतोय, किती वेळ लागेल, तक्रारीचा नंबर काय, सगळं ठणकावून विचारत होती. एकदाही अडखळली नाही. फोन ठेवून तिने वर बघितलं आणि मी ओळखलं. वेण्या नव्हत्या, केस कापलेले होते.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "कागद द्या."

मी म्हणाले, "पूर्वा, मला तुझ्याशी बोलायचंय. त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं."

"माहीत आहे," ती माझा नंबर टाइप करत म्हणाली. "दादाने त्याच संध्याकाळी मला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. बाबांना कळेपर्यंत दोन महिने मी पण गप्प बसले."

मला हायसं वाटलं. म्हणजे मुलीला ठाऊक होतं तर. मी विचारलं, "मग दुसरीकडे का नाही प्रवेश घेतलास?"

"गेले होते ना, पुढच्या वर्षी. दुसऱ्या एका कॉलेजात. आठ जणांना गोल बसवलं चर्चेला. विषय मला येत होता. तोंड उघडलं आणि तुमचं वाक्य ऐकू आलं, टिकणार नाही म्हणून. मग बोललेच नाही. बाकीचे सात बोलले."

"अगं, पण ते खोटं आहे हे तुला माहीत होतं."

"हो, माहीत होतं."

मागे कुणीतरी खाकरलं. मी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, तू आत्ता फोनवर बोललीस ते मी ऐकलं. मी बावीस वर्षं मुलं पाहिली आहेत. तुझ्याइतकी तयारी फार थोड्यांची असते. अजून वेळ गेलेली नाही. मी सांगते म्हणून ऐक."

तिने टाइप करायचं थांबवलं. रागावलेली नव्हती ती.

"मॅडम, मेळाव्यात तुम्ही दादाची नोकरी पक्की म्हणून माईकवर सांगितलंत, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. नंतर केबिनमध्ये मला जमणार नाही म्हणालात. दोन्ही वेळेला अगदी अशाच बोललात तुम्ही, आत्ता बोलताय तशा."

मेळाव्यात मी खोटं बोलले नव्हते. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण ते मी तिला कुठल्या आवाजात सांगणार?

तिने यंत्र माझ्याकडे सरकवलं. "अंगठा ठेवा, मॅडम. जरा दाबून."